दराऱ्याचं ॲव्हरेज

साखर कारखान्याच्या चेअरमनांनी टर्बोची दांडगी गाडी घेतली आणि ड्रायव्हर शिवाप्पाला बजावलं, "सभेला जाताना कुणी आपल्यापुढं जाता कामा नये. पेट्रोलही कमी जळलं पाहिजे. एक जरी चुकलं, तर उद्यापासून घरी बस."

गाडी पळवली तर पेट्रोल जाणार, हळू नेली तर मागचे पुढं जाणार. सभेच्या दिवशी मागं सगळे संचालक आपापल्या गाड्यांत होते. आरशावरची नजर न काढता शिवाप्पानं ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवला.

चेअरमन तडकले, "बैलगाडी हाकतोस काय रे?"

"वळून बघा, साहेब. गेलंय कुणी पुढं?"

संचालकांची रांग मुकाट मागं येत होती.

"टर्बोला पेट्रोल लागतं," शिवाप्पा म्हणाला, "तुमच्या दराऱ्याला लागत नाही."

यावर रागवावं कसं, ते चेअरमनांना अजून सुचलेलं नाही. गाडी शिवाप्पाच चालवतो.