वेळ कुठं होता

“मला एवढंच सांगा वस्ताद, मी मारलं का? लाथ त्याची. मी नुसता पाय आडवा घातला. मग चूक माझी कशी?”

बाबालाल वस्ताद सहाणेवर आंबेहळद उगाळत होते. सत्तरी उलटली होती. उजवा गुडघा दोन दिवस भोपळ्यासारखा सुजला होता. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा सर्जेराव. त्यांचाच चेला, जिल्ह्यात नाव कमावलेला गडी. एरवी चालायचा असा, की रस्ता याच्या बापाचा! आज मात्र तालमीच्या उंबऱ्याशी उभा होता आणि आत यायला धजत नव्हता.

झालं होतं ते सगळ्या गावानं बघितलं होतं. जत्रेच्या मैदानात सर्जेराव आणि नेमगोंडा यांची, कुस्तीसारखीच खेळायची, लाथांची झुंज लागली. दोघं दहाव्या वर्षापासून एकाच तांबड्या मातीत लोळलेले, एका ताटात जेवलेले. नेमूनं लाथ घातली, सर्जेरावानं पाय उचलून अडवली आणि नेमूची नडगी कडकन मोडली. हिंडेल-फिरेल, डॉक्टर म्हणाले, पण मैदान विसरा.

“नेमू दारात उभा करत न्हाई,” सर्जेराव म्हणाला. “म्हणतो, सर्ज्याचा दोष न्हाई असं वस्तादांनी सांगितलं तर मानीन. तुमच्या एका शब्दावर हाय सगळं.”

“लाथ कशावर घेतलीस?”

“गुडघ्यावर.”

“पोटरीवर का न्हाई?”

या तालमीची रीत लहान पोरालाही ठाऊक होती. आपल्या माणसाची लाथ पोटरीवर झेलायची, पाय मागं सोडत सोडत, म्हणजे दोघंही आपल्या पायानं घरी जातात. गुडघ्याचं हाड पुढं द्यायचं ते जिवावर उठलेल्याला.

“वेळ कुठं होता, वस्ताद? डोळ्याचं पातं लवायच्या आत लाथ येती. इचार करायला सवड मिळती व्हय? पाय आपसूक उचलला गेला.”

“त्याच्या आधी किती बसल्या हुत्या तुला?”

“… दोन.”

“लोकं काय करत हुती?”

“शिट्ट्या मारत हुती.”

सहाणेचा आवाज थांबला. वस्तादांनी हळदीची बोटं धोतराला पुसली.

“गुडघा द्यायला मीच शिकवलं तुला,” ते म्हणाले. “तेरा वर्षांचा हुतास. लई घाई केली मी… चुकलंच माझं.”

“मग तेवढंच सांगा की नेमूला!”

बोलून गेला खरा, पण शब्द तोंडातून सुटले आणि सर्जेरावाला स्वतःचीच शरम वाटली. ज्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्याच डोक्यावर खापर फोडायला निघालो आपण!

वस्ताद भिंतीला धरून उठले. लंगडत त्याच्यासमोर आले, जणू आता पाठीवर हात ठेवणार.

आणि काही न बोलता त्यांनी लाथ घातली. त्याच सुजलेल्या पायानं, होता नव्हता तेवढा जोर लावून.

सर्जेरावाची पोटरी पुढं झाली. लाथ तिच्यावर अलगद झेलली गेली, पाय मागं सरत गेला आणि म्हाताऱ्याचं पाऊल जमिनीला टेकलं. त्याच्या कोपराखाली सर्जेरावाचा हात केव्हाच पोचला होता. वस्तादांच्या तोंडून साधं ‘हाय’सुद्धा निघालं नाही.



जत्रेतली ती लाथ सर्जेरावाला पुन्हा दिसली. नेमू हसत होता. दोस्ताला घालावी तशी बिनघोर लाथ घातली होती त्यानं. आणि हे त्याला तेव्हाही दिसलं होतं.

“वस्ताद…” तो म्हणाला. एवढा दांडगा गडी, हुंदका दाबत उभा राहिला.

वस्तादांनी त्याचा हात कोपराखालून सोडवला. खुंटीवरचा पटका घेतला, चपलांत पाय घातले आणि उंबऱ्यापाशी थांबले.

“चल, नेमूकडं जाऊ… काय सांगू त्याला, सर्ज्या? वेळ नव्हता म्हणून सांगू?”