खिलारेमामांची घागर

इचलकरंजीच्या सगुणाबाई वायदंडे राहायच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, पण घरातल्या सामानाचा विमा नेमाने उतरवायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "भिंती मालकाच्या, पण संसार माझाच ना?"

एके दिवशी वायरिंगने पेट घेतला आणि स्वयंपाकघर जळालं. पाहणीला विमा कंपनीचे खासनीस साहेब आले. माणूस असा, की चाखल्याशिवाय मिठालाही खारट म्हणणार नाही. मांडणी कोसळून चेपलेली पितळी घागर त्यांनी उचलली, काजळी पुसली आणि कोरलेलं नाव मोठ्याने वाचलं, "बाबूराव खिलारे!"

"माझे मामा. लग्नात दिलीय त्यांनी," सगुणाबाई म्हणाल्या.

परातीवर आत्याचं नाव निघालं, पातेल्यांवर चुलत्यांचं. साहेबांनी पेन खिशात खोचलं. "घर मालकाचं, भांडी पाहुण्यांची. मग बाई, तुमचं जळलं काय?"

जेवणाची वेळ झाली, तसा साहेबांनी पडवीत बसून आपला स्टीलचा डबा उघडला. बाईंनी झाकण उचललं, "विनायक शेंडे" असं वाचलं आणि भाजीसकट डबाच आपल्याकडे ओढला.

"अहो, हे काय?"

"शेंडे आले की देईन त्यांना. परक्याचा डबा तुम्ही कसा खाता?"

"परका कसला! शेंडे माझे सासरे. त्यांनी लग्नात दिला, म्हणजे तो माझाच झाला!"

सगुणाबाईंनी पाहणीचा कागद पुढे सरकवला. "हेच माझ्या घागरीपुढे लिहा, साहेब. भाजी निवतेय."