खारूची फाटलेली पट्टी

एक होती खारू. एवढीशी, मुठीत मावेल अशी. तिच्या पायाला झाली होती जखम. जखमेवर होती पांढरी पट्टी. ती बांधली होती गावच्या नर्सबाईंनी, इंदूताईंनी.

एकदा काय झालं? खारू बाभळीवर चढली. पट्टी काट्याला अडकली. टर्रर्र! फाटली की. जखम झोंबू लागली.

खारू निघाली लंगडत, टुक टुक टुक. गेली इंदूताईंकडे.

"इंदूताई, पट्टी बांधा."

इंदूताई घरोघरचे आजारी बघून नुकत्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "बांधते हं. पण हात मळलेत. मळक्या हातांनी जखमेला शिवायचं नाही. हापशाला पाणी माग."

टुक टुक टुक. खारू गेली हापशाकडे.

"हापसेदादा, पाणी द्या. पाण्यानं ताई हात धुतील, धुतल्या हातांनी पट्टी बांधतील."

"कुर्र कुर्र. दांडा हलत नाही. घाण्याचं तेल आण."

टुक टुक टुक. खारू गेली घाण्याच्या बैलाकडे.

"बैलोबा, तेल काढा. तेलानं हापसा चालेल, पाण्यानं ताई हात धुतील, धुतल्या हातांनी पट्टी बांधतील."

"भूक लागलीय. हिरवं गवत आण."

टुक टुक टुक. खारू गेली गवताकडे.

"गवतबुवा, चला ना. गवतानं बैल फिरेल, तेलानं हापसा चालेल, पाण्यानं ताई हात धुतील, धुतल्या हातांनी पट्टी बांधतील."

"येऊ कसा? अंगावर म्हैस बसलीय. तिला उठव."

खारू म्हणाली, "म्हशीबाई, उठा ना. उठलात तर गवत सुटेल, गवतानं बैल फिरेल, तेलानं हापसा चालेल, पाण्यानं ताई हात धुतील, धुतल्या हातांनी पट्टी बांधतील."

"पाठ खाजतेय. कुणी खाजवल्याशिवाय उठायची नाही."

आता कुणाकडे जायचं? पाय तर ठणकत होता. खारू मटकन खाली बसली. मग तिनं आपले पुढचे पंजे पाहिले. त्यांना होती बारीक बारीक नखं.

खारू चढली म्हशीच्या पाठीवर. खर खर खर, खर खर खर. म्हशीनं सुखानं डोळे मिटले. मग डुलत डुलत उठली.

म्हैस उठली, गवत सुटलं. गवत खाऊन बैल फिरला, तेल निघालं. तेलानं हापसा चालला, पाणी आलं घळाघळा.

इंदूताईंनी साबण लावून हात धुतले. जखम हळूच पुसली. गार गार मलम लावलं. वर पट्टी बांधली, मऊ मऊ.

"आता दोन दिवस झाडावर चढायचं नाही," त्या म्हणाल्या.

खारूनं मान डोलावली. पाय हळूच टेकवून पाहिला. दुखला नाही.

इवली जखम, इवली पट्टी,
गोष्टीला आता झाली सुट्टी.