सुगरणीची पाहणी

ओढ्याकाठच्या बनात धनेश पक्षी राज्य करत होता, तेव्हाची ही गोष्ट. साप फार माजले, म्हणून त्यानं फर्मान काढलं, की प्रत्येक घरट्याला मागून खिडकी ठेवायची. पहारेकरी कावळा रोज आत डोकावून जाईल.

सुगरण पक्ष्यांत नर घरटं विणतो आणि मादी ते पारखून मगच राहायला येते. पिवळी नावाची सुगरण पाहणीला आली आणि खिडकीपाशी थबकली.

"कावळेदादा, यातून साप आला तर?"

"छे, ही फक्त सरकारी डोळ्यांसाठी आहे."

"असं होय? मग महाराजांनी राणीसाहेबांच्या ढोलीचं तोंड चिखलानं का लिंपून घेतलंय?"

"सापांच्या भीतीनं," कावळा बोलून गेला.

पिवळी नराकडे वळली. "अहो, घरटं झकास आहे. तेवढं भोक विणून टाका, मग मी येते राहायला."