रुळावरचं कुंकू आणि चिमीचा लाडू

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी.

एक होते नाना. त्यांची होती खेळण्यातली आगगाडी. मुलांची नव्हे हं, नानांचीच! विजेवर चालायची. गोल गोल रूळ, छोटं इंजिन, मागं उंच डबा.

दसरा आला. नानांनी गाडीची पूजा केली. इंजिनाला फूल वाहिलं. रुळाला ओलं कुंकू लावलं, चांगलं बोट भरून. डब्यात ठेवला लाडवाचा कण.

"चिमे, हा तुझा दसऱ्याचा वाटा. बिळापाशी गाडीनं पाठवतो. तू हो पुढं!"

बिळात चिमीची धाकटी भावंडं. सकाळपासून उपाशी.

"ताई, लाडू आला?"

"येतोय, येतोय!"

छुक छुक... छुक छुक... खट्ट!

गाडी थांबली. तिकडेच, लांब! चिमी धावली. पण डबा उंच. लाडू जड. चिमीला उचलेना.

"इंजिना, इंजिना, चाल ना!"

इंजिन म्हणालं, "मी नाही चालत जा! रूळ वीज देत नाही."

चिमी गेली रुळाकडे. तुरु तुरु तुरु.

"रुळा, रुळा, वीज दे ना!
इंजिन चालेना,
माझा लाडू येईना!"

रूळ म्हणाला, "मी नाही देत जा! माझ्यावर कुंकू वाळलंय. त्यातून वीज जात नाही. नाना पुसतील तर देईन."

चिमी गेली नानांकडे. तुरु तुरु तुरु. नाना वैतागले होते. बटण बघत होते, तार बघत होते.

"नाना, नाना, रूळ पुसा ना!
रूळ वीज देईना,
इंजिन चालेना,
माझा लाडू येईना!"

नाना म्हणाले, "काय पुसू? मला काही दिसत नाही! चष्मा कुठं गेला कुणास ठाऊक!"

बघा! कुंकू लावलं कुणी? आणि दिसत नाही कुणाला?

चिमी गेली चष्म्याकडे. तुरु तुरु तुरु.

"चष्म्या, चष्म्या, नाकावर चढ ना!
नाना पुसेनात,
रूळ वीज देईना,
इंजिन चालेना,
माझा लाडू येईना!"

चष्मा म्हणाला, "मी नाही चढत जा! भुरी मांजर माझ्यावर झोपलीय. ती उठेल तर चढेन."

चिमीनं पाय आपटले. टप टप टप टप टप टप! मुंगीला पाय सहा, म्हणून राग पण मोठा.

"भुरे, भुरे, ऊठ ना!
चष्मा चढेना,
नाना पुसेनात,
रूळ वीज देईना,
इंजिन चालेना,
माझा लाडू येईना!"

भुरीनं एक डोळा उघडला. "मी नाही उठत जा! माई दूध देतील तर उठेन." डोळा मिटला. घुर्र... घुर्र...

चिमी गेली माईंकडे, स्वयंपाकघरात. तुरु तुरु तुरु.

"माई, माई, दूध द्या ना!
भुरी उठेना,
चष्मा चढेना,
नाना पुसेनात,
रूळ वीज देईना,
इंजिन चालेना,
माझा लाडू येईना!"

माईंनी झारा आपटला. "दूधबीध काही नाही! पुऱ्या गार झाल्या. केव्हाची हाका मारतेय, पण ह्यांना गाडीपुढं काही सुचतंय का? हे जेवायला येतील, तेव्हाच बाकीच्यांना!"

चिमी परत नानांकडे. तुरु... तुरु... तुरु... दमली बिचारी.

"नाना, नाना, जेवायला या ना!
माई दूध देईनात,
भुरी उठेना,
चष्मा चढेना..."

"गाडी चालल्याशिवाय मी जेवायचा नाही!" नाना म्हणाले.

अगंबाई! नाना जेवले की गाडी चालणार. गाडी चालली की नाना जेवणार. हे तर गोल गोल, गोल गोल, त्या रुळासारखंच!

"ताई, लाडू आला?" बिळातून बारीक आवाज आला.

आता मात्र हद्द झाली! टप टप टप टप टप टप! चिमी भुरीच्या कानावर चढली. आणि कडक्कन चावली.

"म्याँऽऽऽव!"

भुरी उठली टुणकन.
चष्मा चढला नानांच्या नाकावर.
"अरेच्चा! कुंकू! हे तर मीच लावलं!"
नानांनी रूळ पुसला, घस घस घस.
रुळानं वीज दिली.
इंजिन चाललं, छुक छुक, छुक छुक!
आणि लाडू? लाडू आला बिळाच्या दारात!

नानांनी डबा कलंडवला. कण पडला, टप्प! भावंडांनी ताईला मिठी मारली. मग लाडवाला मारली. चिमीनं शेवटी एक घास खाल्ला. गोड लागला.

नाना जेवायला बसले. माईंनी नवी गरम पुरी तळून वाढली. भुरीला दूध मिळालं. ती चिमीकडे बघेना.

पोट भरल्यावर नाना खूश झाले. कुंकवाची वाटी घेऊन उठले.

"वा रे माझा रूळ! किती गुणाचा! थांब, तुला परत एकदा..."

"नाऽऽऽना!" इंजिन ओरडलं. "नाऽऽऽना!" रूळ ओरडला. "म्याँव!" भुरीनं आधी कान झाकले.

चिमीनं पाय आपटले. टप टप टप टप टप टप!

नानांनी गुपचूप वाटी खाली ठेवली.

गाडी दारात, लाडू पोटात, आणि गोष्ट तुमच्या कानात!