नाकेदाराने रंगवलेलं तळं

फार फार वर्षांपूर्वी, राजे लोक स्वतः विहिरीवर वाकून पाणी किती उरलं ते बघत असत त्या काळी, एका नगरात एक नाकेदार राहत होता. नगराच्या पश्चिम वेशीवर त्याचं जकातीचं नाकं होतं. वेशीबाहेर पडताच गाडीवाट दक्षिणेला वळे; सरळ पश्चिमेला कुणी जात नसे. गाड्या थांबवायच्या, पोती चाचपायची, आत काय आहे ते बघायचं आणि शिक्का मारून गाडी सोडायची, एवढं त्याचं काम. तीस वर्षं तो दुसऱ्यांना वेशीबाहेर सोडत होता. स्वतः मात्र एकदाही बाहेर गेला नव्हता.

दोन गाड्यांच्या मध्ये जो वेळ मिळे, त्यात हा गृहस्थ लाकडी फळ्यांवर चित्रं काढी. आणि चित्रं कशाची, तर जंगलाची! जंगल त्याने पाहिलं नव्हतं, पण जंगलातून आलेला माल पाहिला होता. एका गाडीतून केळीची पानं येत, दुसरीतून पिंजऱ्यातले पोपट, तिसरीतून हरणाची शिंगं. त्यातूनच तो आपलं जंगल उभं करी. त्याच्या जंगलात पानं माणसाएवढी होती, फुलं सुपाएवढी होती आणि वाघ त्याच्या घरच्या मांजराकडे बघून काढलेला होता.

लोक येत, फळीसमोर उभे राहत आणि पोट धरून हसत. "नाकेदार, तुमच्या वाघाला दूध पाजलं का आज?" असं विचारत. तोही त्यांच्याबरोबर हसल्यासारखं करी. पण घरी गेल्यावर त्याला घास गोड लागत नसे. माणसाला उपाशी राहणं जमतं, हसं होणं जमत नाही, आणि या माणसाला तर ते मुळीच जमत नव्हतं.

एके दिवशी एका परदेशी व्यापाऱ्याने फळी हातात घेऊन विचारलं, "हे जंगल तुम्ही कुठं पाहिलंत?"

नाकेदाराच्या तोंडून निघून गेलं, "तरुणपणी फौजेत होतो, तेव्हा. पश्चिमेच्या जंगलात सात वर्षं काढलीत मी."

व्यापाऱ्याने मान डोलावली. शेजारी उभे असलेले दोघे हसायचे थांबले. आणि काय गंमत बघा, चित्र तेच, पानं तीच, वाघही तोच मांजरतोंड्या. पण त्या दिवसापासून कुणी हसेना. लोक म्हणू लागले, "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडचे वाघ असेच असतील." नाकेदाराची मान ताठ झाली. तो कधी फौजेत नव्हता, हे बायकोला ठाऊक होतं. तिने एक-दोनदा टोकलं आणि मग, मिरवतो आहे तर मिरवू दे बिचाऱ्याला, म्हणून सोडून दिलं.

पुढे सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. अशात नाकेदाराचं एक मोठं चित्र राजवाड्यात गेलं आणि प्रधानाची नजर त्यातल्या एका तळ्यावर खिळली. घनदाट झाडी, मागे एक टेकडी आणि टेकडीपलीकडे निळंशार पाणी. खरं सांगायचं तर त्या दिवशी नाकेदाराकडे निळा रंग थोडा उरला होता, म्हणून त्याने ते तळं काढलं होतं.

राजाने त्याला बोलावून घेतलं. "हे तळं तू पाहिलंयस?"

सगळा दरबार त्याच्याकडे बघत होता. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण त्या एका क्षणात त्याला साऱ्या दरबाराचं हसू ऐकू आलं, अजून कुणी हसलेलं नसताना.

"होय महाराज," तो म्हणाला.

"किती लांब?"

"वेशीपासून सरळ पश्चिमेला, दोन दिवसांची वाट."

तिथे एक म्हातारा पाणाड्या होता. हातातल्या काठीने जमिनीखालचं पाणी ओळखण्यात त्याची हयात गेली होती. तो म्हणाला, "महाराज, त्या अंगाला पाणी असेल असं माझी काठी सांगत नाही." मग नाकेदाराकडे बघून त्याने हात जोडले. "पण ह्यांनी पाहिलंय. पाहणाऱ्यापुढं माझी काठी काय बोलणार?"

तळं शोधायचं आणि तिथून नगरापर्यंत पाट कसा आणता येईल ते ठरवायचं, यासाठी सहा माणसं निवडली गेली. पाणाड्या त्यात होता. आणि त्यांचा मुकादम म्हणून निवडला गेला तो विहिरी खणणारा एक तरुण. तो दूरच्या गावाहून या पाटाच्या कामासाठीच आला होता. तो नाकेदाराच्या बायकोचा धाकटा भाऊ.

सकाळी ती माणसं पश्चिम वेशीवर आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचं सामान तपासायचं काम नाकेदाराकडेच आलं. कुदळी होत्या, दोर होते, भाकऱ्या होत्या. पाण्याच्या पखाली मात्र दोनच होत्या, एकाच बैलावर लादलेल्या.

"एवढंच पाणी?" नाकेदाराने विचारलं.

मेहुणा हसला. "दाजी, दोन दिवसांपुरतं बास की! पुढं तुमचं तळं आहेच. नगरात आधीच पाण्याची बोंब, त्यात उगाच जास्तीचं कशाला न्यायचं?"

"तरी पण... चार पखाली तरी घ्या."

"तळ्यावर पाणी घेऊन गेलो तर लोक हसतील आम्हाला," मेहुणा म्हणाला. त्याने वाकून नाकेदाराच्या पायांना हात लावला.

नाकेदाराने शिक्का मारला. तो उलटा बसला, म्हणून पुन्हा मारावा लागला. बैलाच्या गळ्यातली घंटा दूरवर जाऊन ऐकू येईनाशी झाली, तरी तो वेशीतच उभा होता.

पहिला दिवस त्याने स्वतःला समजावण्यात घालवला. जंगल म्हटलं की पाणी असणारच, कुठे ना कुठे असेलच. दुसऱ्या दिवशी त्याला काही सुचेना. मिठाच्या गाडीला त्याने गुळाची म्हणून सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मनाशी म्हणाला, आता त्यांच्या पखाली रिकाम्या झाल्या असतील.

त्या दिवशी दुपारी तो राजवाड्यापर्यंत गेला. काय बोलायचं ते वाटेत घोकत गेला. पण दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला बघून खाली वाकून नमस्कार केला. "नाकेदारसाहेब, माझी मुलं रोज विचारतात, तळ्याचं पाणी कधी येणार? तुमच्यामुळं वाचलो बघा आम्ही."

"सहज आलो होतो," असं म्हणून नाकेदार माघारी फिरला.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणसं परतायला हवी होती. परतली नाहीत. बायको दाराशी उभी राहून वाटेकडे बघत होती. तिला वाटत होतं की जंगलाचं कुणा फौजेतल्या माणसाकडून तरी नवऱ्याने ऐकलं असेल. दरबारात कुणी थापा मारतं का?

ती आत आली. "अहो, तिथं तळं आहे ना?"

"असेल."

"असेल म्हणजे? कुणी सांगितलं तुम्हाला?"

नाकेदार खाली बघत म्हणाला, "चित्रात आहे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. मग उठली, त्याच्या हाताला धरून त्याला राजवाड्याकडे घेऊन निघाली, आणि तो राजापुढे सगळं बोलून मोकळा होईपर्यंत तिने तो हात सोडला नाही.

राजा संतापला, पण वेळ संतापण्याचा नव्हता. त्याने दहा घोडेस्वारांना पखाली घेऊन ताबडतोब पाठवलं. आणि म्हणाला, "ह्यालाही घोड्यावर घाला. आपलं जंगल एकदा बघू दे ह्याला."

अशा रीतीने नाकेदार आयुष्यात पहिल्यांदा वेशीबाहेर पडला. त्याने पाहिलं, की पश्चिमेला जंगल असं नव्हतंच. गुडघ्याएवढी काटेरी झुडपं होती, तापलेले दगड होते. सावली पडेल असं एक पान कुठे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती माणसं सापडली. एका टेकडीच्या पलीकडे, दगडाच्या आडोशाला पाच जण पडले होते. सहावा जरा बाजूला होता, अंगावर पंचा पांघरलेला. पाणाड्याची काठी त्याच्याजवळ ठेवली होती.

स्वारांनी पाचांच्या ओठांना पाणी लावलं. मेहुण्याने डोळे उघडले. नाकेदाराला बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"दाजी, आलात तुम्ही! बरं झालं." त्याचा आवाज फाटला होता. "तिसऱ्या दिवशी पाणी संपलं. सगळे म्हणत होते माघारी फिरू. पाणाड्याबाबाही म्हणत होता. मी म्हटलं, दाजींनी डोळ्यांनी पाहिलंय, आणखी एक टेकडी ओलांडू. मीच चालवलं सगळ्यांना. आमचीच वाट चुकली असणार. आता तुम्ही दाखवा तळं कुठंय ते."

नाकेदार त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "तळं नाही. मी इथं कधी आलोच नव्हतो."

मेहुण्याने पंच्याखालच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "बाबा काल दुपारी गेला," तो म्हणाला.

नाकेदाराने मनात हिशोब केला. ज्या दुपारी तो राजवाड्याच्या दारातून माघारी फिरला, त्या दुपारी स्वार निघाले असते, तर काल सकाळी ते इथे पोचले असते.

"दाजी," मेहुण्याने विचारलं, "मग आधी का नाही बोललात?"

नाकेदाराने जे खरं होतं तेच सांगितलं.

"लोक हसतील म्हणून."

तिथे कुणीच हसलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, मनातलं जंगल हवं तेवढं रंगवावं, पण ते डोळ्यांनी पाहिलंय असं सांगू नये, कारण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कुणीतरी खरोखर त्या वाटेने चालू लागतं.