डाव्या कोपऱ्याची पकड

"म्हणजे मी चुकलो तरी कुठं, बुवा? तेवढं एकच सांगा. मग मी निघतो."

भिवाबुवांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे अंगणात पांढऱ्या कांद्यांचा ढीग पडला होता आणि ते पातीला पात गुंफत कांद्यांची माळ वळत होते.

"पाणी प्यायलास?"

"प्यायलो."

"कधी?"

"घरून निघताना… बुवा, मी विचारतोय काय!"

"विचार की. मी कुठं नको म्हणतोय?"

आता हा कमळाकर गावंड म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, बरं का. खाडीकाठच्या सगळ्या खारेपाटात त्याच्याकडे बोट दाखवून आया आपल्या पोरांना सांगायच्या, असा हो! एकेकाळी कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान. मुंबईच्या एका कंपनीनं संघात घ्यायचं पक्कं केलं होतं. नोकरी, राहायला जागा, सगळं. तेवढ्यात वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि हा गडी बूट काढून जो घरी आला तो आलाच. सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवलं, म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत केलं, लग्न केलं, पोरगी झाली. दत्तावर श्रद्धा अशी की टेकडीवरच्या या देवळाची एक पौर्णिमा कधी चुकली नाही. आणि देवळामागच्या झोपडीत राहणाऱ्या भिवाबुवांवर देवाच्या खालोखाल.

असा माणूस आज अंगणात मांडी घालून बसला होता आणि त्याला स्वतःची मांडीसुद्धा धड सापडत नव्हती. सारखा पाय बदलत होता.

"प्राची गेली ना, बुवा."

"कुठं?"

"पेणला. मामाकडं. सुट्टीला म्हणून गेली आणि आता म्हणते, इथंच राहीन, इथूनच कॉलेज करीन."

"बरं."

"बरं काय, बुवा?"

"मामा चांगला आहे ना?"

"मामा चांगलाच आहे! पण बाप काय मेलाय?"

बुवांनी एक कांदा उचलला, उलटसुलट पाहिला आणि बाजूला टाकला.

कमळाकरला कळेना, बुवा ऐकतायत की कांदे निवडतायत. तो आणखी पुढं सरकला.

"भांडली असती तर मी समजलो असतो. काही मागितलं असतं, अडून बसली असती… तर एक वेळ ठीक. कोणी मुलगा वगैरे असता, तरी कळलं असतं. तसलंही काही नाही. मामानं शपथेवर सांगितलं. फोनवर मला म्हणते, 'पप्पा, मी इथं बरी आहे, तुम्ही काळजी करू नका.' बस्स. एवढंच. माझं तर डोकंच चालेना झालंय."

"बरी आहे म्हणाली?"

"हो."

"मग?"

"मग म्हणजे? घरी काय वाईट होती?"

आणि मग कमळाकरनं सांगायला सुरुवात केली. सांगायला लागला की त्याचा आवाज आपोआप चढायचा, छाती पुढं यायची. जुनी सवय.

पहाटे सगळं घर उठतं. काकडआरती होते. पोरीला कॉलेजात सोडायला तो स्वतः जातो, आणायलाही स्वतःच. दुकान अर्ध्यावर टाकून. बसच्या गर्दीत तिला कधी उभं राहू दिलं नाही. संध्याकाळच्या आरतीला घरातलं एकूण एक माणूस देवापुढं. पाहुणा असला तर पाहुणासुद्धा. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास नाही. बायकोला, वनिताला, माहेरी जायचं झालं तरी तो बरोबर जातो आणि बरोबर घेऊन येतो. टीव्ही होता, तो काढून टाकला आणि त्या जागी देव्हारा केला. सागवानी.

"देवाला विचारलंस?" बुवांनी मध्येच म्हटलं.

"काय?"

"तिथं बसायचंय का, म्हणून."

कमळाकरचं तोंड उघडंच राहिलं. हसावं की हात जोडावेत, काही सुधरेना. त्यानं आपले हात जोडले.

"चेष्टा करू नका, बुवा. माझा जीव टांगणीला लागलाय."

"चेष्टा नाही रे. सहज विचारलं. हे घे, तुझे हात रिकामे आहेत. ही पात जरा ओली कर, सुकली की तुटते."

त्यानं तपेल्यातलं पाणी घेऊन पातीवर शिंपडलं. बुवांनी सांगितलं म्हणून शिंपडलं. मन सगळं खाली रस्त्यावर, गाडीपाशी. ऊन कलायला लागलं होतं.

"मी आज तिला आणायला निघालोय," तो म्हणाला. "मामा म्हणाला, उद्या या, तिच्याशी बोलतो. उद्या कशाला? मी म्हटलं, आजच्या आरतीला पोरगी घरात पाहिजे. ती नाही म्हणाली तरी हाताला धरून गाडीत बसवणार. बाप आहे मी तिचा."

"वनिता काय म्हणाली?"

"काही नाही. दारात उभी होती."

"काहीच नाही?"

"घरात हल्ली कोणी काही म्हणतच नाही, बुवा. शांतता असते." आणि जरा थांबून, जरासं अभिमानानंच, "आमच्या घरात कधी मोठा आवाज नाही."

बुवांनी माळ बाजूला ठेवली. हात झटकले.

"जा मग. वाट कसली बघतोस?"

हे ऐकायलाच तर तो आला होता! पण ऐकलं आणि त्याला उठवेना. बूड जमिनीला चिकटल्यासारखं झालं.

"म्हणजे… आणू ना तिला?"

"तू आणणारच आहेस."

"तसं नाही, बुवा. तुम्ही सांगा. मी चुकलोय का?"

"नाही."

"मग ती चुकली?"

"ती पण नाही."

"मग कोण चुकलं?"

बुवा मांडीवरची कांद्याची सालं झटकत राहिले. कमळाकर चक्रावला. अरे, कोणी चुकलंच नाही तर मग पोरगी पेणला का? हे म्हणजे हिशेब बरोबर आणि गल्ला रिकामा! एखाद्या दुसऱ्या माणसानं असं कोड्यात बोलायला घेतलं असतं तर कमळाकरनं त्याला दोन खरमरीत शब्द सुनावले असते. पण समोर होते बुवा.

"कॉलेजात तू कुठं खेळायचास रे?" बुवांनी विचारलं.

"आता ते कशाला?"

"असंच."

"डावा कोपरा." बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. काही केल्या लपेना. "चढाईला कोणीही येऊ दे, बुवा. कबड्डी कबड्डी करत आत आला आणि पाय माझ्या टप्प्यात पडला की संपलं. घोटा धरायचो. एकदा धरला की सुटायची बातच नाही. लोक नुसतं ते बघायला यायचे."

"अस्सं?"

"विद्यापीठाच्या फायनलला सांगलीचा एक होता. रेडा नुसता! मला घेऊन फरफटत गेला मधल्या रेषेपर्यंत. हे बघा…" त्यानं विजारीचा पाय वर केला. गुडघ्यावर जुना पांढुरका वण होता. "सालटं निघालं सगळं. पण सोडला नाही. रेषेला त्याचं बोट लागायला एवढंसंच राहिलं होतं. सोडला असता तर मॅच गेली असती."

"मग?"

"मग काय! खांद्यावर घेऊन नाचवलं मला."

"आणि तो?"

"कोण?"

"सांगलीचा."

कमळाकरनं विजार खाली केली.

"त्याचं काय?"

"नंतर उठला का लगेच? कसा होता?"

"…मला काय माहीत, बुवा?"

"नाव काय त्याचं?"

कमळाकरनं कपाळाला आठ्या घातल्या. आठवून पाहिलं. त्या पोराचा घोटा आठवत होता, अगदी हाताला लागल्यासारखा आठवत होता. मोजा घसरलेला. पण नाव? तोंड? काही म्हणजे काही आठवेना. आणि ते आठवत नाही याचं त्याला आज पहिल्यांदाच कसंतरी वाटलं. का वाटलं, तेही कळेना.

"जाऊ दे," बुवा म्हणाले आणि उठले.

उठले ते पंचा खोचतच. कांद्याच्या ढिगाअलीकडं पायानं त्यांनी मातीत एक रेघ ओढली, रेघेच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि मांडीवर थाप मारली.

"चल. धर मला."

"काय?"

"डावा कोपरा ना तू? हो उभा."

"बुवा, काहीतरीच काय! तुमचं वय काय, मी…"

"कबड्डी… कबड्डी… कबड्डी…"

आणि म्हातारा खरंच रेघ ओलांडून आत आला की हो! पांढरी दाढी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा देह, आणि पाय मात्र असे टाकतोय जणू उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही. एक हात पुढं, बोटं लांबवलेली, नजर कमळाकरच्या नजरेत.

कमळाकर मागं सरला. देवमाणसाशी कोणी असं खेळतं का? तो हात जोडून नको नको म्हणत होता. पण बुवांचा पाय पुढं आला, त्याच्या टप्प्यात पडला आणि… कमळाकरला काही ठरवावं लागलंच नाही. अंग आपलं आपण खाली गेलं. दोन्ही हात घोट्याला भिडले. कच्चकन.

बुवा कांद्यांच्या पातीवर बदकन बसले.

"अरे देवा! लागलं का, बुवा?"

"कबड्डी… कबड्डी…" बुवांचं चालूच.

रेषेकडं जायला त्यांनी एक झटका दिला. कमळाकरची पकड आणखी आवळली. दुसरा झटका दिला, त्यात जोर नव्हता. मग झटका नाहीच. नुसता आवाज. "कबड्डी… कबड्डी…" पहिल्यापेक्षा बारीक. मग आणखी बारीक. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या.

"कब… ड्डी…"

दम संपला.

बुवा गप्प बसून राहिले. अंगणात कसलाच आवाज नव्हता. देवळापुढच्या औदुंबराखाली एक कुत्रं झोपलं होतं, तेसुद्धा उठलं नाही.

कमळाकर बुवांच्या तोंडाकडं बघत राहिला. आता काहीतरी बोलतील, आता सांगतील, म्हणून. बुवा बोलेनात. ते कण्हले नाहीत, रागावले नाहीत, पाय ओढूनही घेतला नाही. बसले आहेत. किती शांत!

"बुवा… सांगा ना काहीतरी."

काही नाही.

"बुवा, माझं काही चुकलं का?"

काही नाही.

ही शांतता कमळाकरच्या ओळखीची होती. आरतीनंतर जेवायला बसलं की घरात अशीच असायची. वनिता वाढायची, प्राची ताटाकडं बघत खायची. त्याला वाटायचं, केवढं समाधान आहे आपल्या घरात! देवाची कृपा.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कशानं आलं ते त्याचं त्यालाच उमगेना. भीती वाटत होती एवढं खरं.

"मी त्यांच्यासाठीच सगळं सोडलं, बुवा," तो म्हणाला. "खेळ सोडला, मुंबई सोडली. एवढी दोनच तर धरून ठेवली, देव आणि घर. ती पण धरायची नाहीत का? मग करायचं काय माणसानं?"

बुवांनी हळूच खाली पाहिलं. कमळाकरनंही पाहिलं.

बुवांचा घोटा अजून त्याच्या दोन्ही हातांत होता. बोटं रुतून आजूबाजूची कातडी पांढरी पडली होती.

त्यानं चटका बसल्यासारखे हात काढले.

"माफ करा, बुवा! माफ करा… माझ्या ध्यानातच आलं नाही!"

बुवांनी पाय जवळ घेतला आणि अंगठ्यानं घोटा चोळायला लागले. रक्त परत येईपर्यंत बराच वेळ चोळत राहिले. खाली रस्त्यावर कमळाकरची गाडी उभी होती आणि सावली तिच्या टपापर्यंत चढली होती. पेण अजून लांब होतं. कमळाकर त्या गाडीकडं बघत होता, पण उठत नव्हता.

"माझा दम तर केव्हाच संपला होता," बुवा म्हणाले. "तुम्ही मॅचमध्ये कसं करायचात रे? दम गेला, गडी मेला. मग सोडायचात कधी?"

"पंच शिट्टी वाजवायचे ना, बुवा. शिट्टी वाजली की सोडायचं."

"आणि नाहीच वाजवली तर?"

"असं कसं होईल? पंच असतातच की… त्यांचं कामच ते."

बुवांनी कांद्याची अर्धी माळ पुन्हा मांडीवर ओढली आणि पात चाचपत म्हणाले,

"मग तुझ्या घरात शिट्टी कोण वाजवतं, कमळाकर?"